मौनात शिजणारा नैवेद्य
आंगणेवाडीच्या जत्रेतील घरगुती विधीचा अर्थ

मसुरे (ता. मालवण) : आंगणेवाडीची जत्रा म्हटली की मुंबईकर वाचकाच्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. ओटी भरण्यासाठी लागलेल्या लांबच लांब रांगा, कोकण रेल्वेच्या विशेष गाड्या, एसटीच्या जादा फेऱ्या आणि दर्शनाला आलेले मंत्री-पुढारी. वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून जत्रेचे हेच रूप वर्षानुवर्षे दिसत आले आहे. परंतु ज्या विधीभोवती ही सारी गर्दी जमते, तो विधी मंदिराच्या गाभाऱ्यात सुरू होत नाही. तो वाडीतील घराघरांच्या स्वयंपाकघरात सुरू होतो. आंगणे कुटुंबातील स्त्रिया दिवसभर उपवास करून, एकही शब्द न बोलता देवीचा नैवेद्य शिजवतात आणि रात्री ती ताटे भराडी देवीपुढे नेतात. लाखोंच्या जत्रेचे मूळ असे एका घरगुती चुलीत आहे. ऐन शिशिरात पेटणाऱ्या या चुलीची ओळख करून घेतल्याखेरीज आंगणेवाडी समजली, असे म्हणता येणार नाही.

गावाची आणि देवीची ओळख

मसुरे हे मालवण तालुक्यातील गड नदीच्या काठचे अनेक वाड्यांचे गाव. नदीच्या एका तीरावर भरतगड, तर समोरच्या तीरावर भगवंतगड. सावंतवाडीकर सावंत आणि बावडेकर यांच्यातील जुन्या चढाओढीचे हे दोन साक्षीदार आजही एकमेकांकडे पाहत उभे आहेत. याच मसुऱ्यातील एक वाडी म्हणजे आंगणेवाडी. मालवणपासून ती सुमारे १५ किलोमीटरवर आहे. आंगणे आडनावाच्या कुटुंबांची वस्ती, म्हणून वाडीला हे नाव पडले.

कोकणात शेतजमिनीचे जे प्रकार मानले जातात, त्यांत पाणथळ मळ्याहून उंचावरच्या, कातळाच्या आणि कोरड्या जमिनीला ‘भरड’ म्हणतात. अशा भरडावर पाषाणरूपाने प्रकटली म्हणून ती भराडी, अशी देवीच्या नावाची उकल सांगितली जाते. रानातील एका पाषाणावर गाय रोज पान्हा सोडत असे, त्यावरून देवीचा शोध लागला, अशी लोककथा आहे. पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांनी देवस्थानाला जमीन दिल्याची आठवणही परंपरेने जपली आहे. देवस्थान मूळचे आंगणे कुटुंबीयांचे. पुढे नवसाला पावणारी देवी म्हणून तिची ख्याती जिल्ह्याबाहेर गेली आणि एका वाडीचा उत्सव साऱ्या कोकणाचा झाला.

छापील पंचांगात नसलेला दिवस

या जत्रेला निश्चित तिथी नाही. बहुतेक गावांच्या जत्रा अमुक पौर्णिमेला वा तमुक एकादशीला ठरलेल्या असतात. येथे मात्र दिवाळीनंतर, शेतीची कामे आवरल्यावर, देवीचा कौल घेऊन दिवस ठरविला जातो. पूर्वापार या निर्णयाशी ‘डाळप’ म्हणजे रानडुकराच्या सामूहिक शिकारीची प्रथा जोडलेली होती. तारीख जाहीर झाली की ती बातमी मुंबई, ठाणे, पुणे येथील मालवणी घरांत वाऱ्यासारखी पसरते, रजेचे अर्ज लिहिले जातात आणि रेल्वेच्या आरक्षणासाठी धावाधाव सुरू होते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांचा जन्म मालवणचा. परंतु महाराष्ट्राच्या भिंतीभिंतीवर दिसणाऱ्या त्यांच्या दिनदर्शिकेतूनही मालवण तालुक्यातील ही तारीख काही महिने आधी काढता येत नाही.

गेल्या काही वर्षांतील तारखा नजरेखालून घातल्या तर एक गोष्ट लक्षात येते. २०१९ मध्ये २५ फेब्रुवारी, २०२० मध्ये १७ फेब्रुवारी, २०२१ मध्ये ६ मार्च, २०२२ मध्ये २४ फेब्रुवारी, २०२३ मध्ये ४ फेब्रुवारी, २०२४ मध्ये २ मार्च आणि २०२५ मध्ये २२ फेब्रुवारी. या साऱ्या तारखा माघात पडतात. पक्ष कधी शुद्ध, कधी वद्य. तिथी बदलते, पण ऋतू बदलत नाही.

यामागे शेतीचे वेळापत्रक आहे. भाताची कापणी-झोडणी होऊन धान्य घरात आलेले असते. पाण्याची सोय असेल तेथे वायंगणी शेती उभी असते, तर इतरत्र जमिनीतल्या उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ-चवळीसारखी पिके निघत असतात. आंबा मोहरलेला असतो आणि काजूलाही बहर असतो. आंब्याच्या मोहराला थंडी मानवते, त्यामुळे कोकणातला बागायतदार या दिवसांतल्या गारठ्याची मनापासून वाट पाहतो. समुद्र जवळ असल्याने घाटमाथ्यासारखी बोचरी थंडी येथे पडत नाही, तरी नदीकाठच्या गावांत पहाटे धुके उतरते आणि खळ्यात शेकोटी पेटते. कोठार भरलेले, कामाला उसंत आणि पावसाळा अजून दूर. पाहुण्याला बोलावण्यास याहून चांगला काळ कोकणी शेतकऱ्याच्या वर्षात नाही.

आधी घर जागे होते

सिंधुदुर्गातील अनेक वाड्यांप्रमाणे येथील घरांचीही एक व्यथा आहे. वर्षातील बराच काळ कित्येक घरांना कुलूप असते. गिरणगावाच्या काळापासून कोकणातला कर्ता पुरुष मुंबईला गेला. आरंभी तो एकटा गेला आणि गावकीच्या खोलीत राहिला, पुढे बिऱ्हाड घेऊन गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे दिवस फिरले, तरी चाकरमान्याची मुंबई सुटली नाही. गावच्या घरात राहिले ते वृद्ध आई-वडील आणि कालांतराने तेही नाहीत.

अशा घरांची कुलपे वर्षातून दोनदा हमखास निघतात, गणेशचतुर्थीला आणि जत्रेला. गणपतीला प्रत्येक कोकणी घर उघडते. जत्रेला उघडणे ही मात्र आंगणेवाडीची खास गोष्ट. काही दिवस आधीपासून माणसे येऊ लागतात. खळे सारवले जाते, पडवीतली जळमटे निघतात, तुळशीपुढे दिवा लागतो. माळ्यावरचे मोठे टोप आणि पराती खाली येतात. लाकूडफाटा, वाळलेली चुडते, नारळाची सोडणे मागील दारी रचली जातात. घरोघरी गॅस आला असला तरी पंक्तीच्या स्वयंपाकाला चुलीवाचून भागत नाही.

मग लेकी येतात. दुसऱ्या आडनावाच्या घरी नांदणारी माहेरवाशीण या दिवशी वाट वाकडी करून येतेच. कुळाच्या कार्यात लग्न झालेल्या मुलीचे स्थान बहुधा पाहुणीचे राहते. येथे मात्र लेकी आणि सुना, दोघींचेही हात नैवेद्याला लागतात.

चुलीपुढचे मौन

जत्रेच्या दिवशी पहाटेपासूनच, सूर्य उगवण्याच्या कितीतरी आधी, मंदिरात ओट्या भरण्यास आरंभ होतो. खण, नारळ, तांदूळ घेऊन आलेल्या स्त्री-पुरुषांच्या रांगा दिवसभर सरकत राहतात. कोणी नवस फेडतो, कोणी तुलाभार करतो. गाऱ्हाणी घातली जातात. मालवणी मुलखात गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली कैफियत. सांगणारा एकेक मागणे उच्चारतो आणि भोवतालची मंडळी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात.

त्याच वेळी वाडीतील घरांत याच्या अगदी उलट घडत असते. नैवेद्य रांधणारी स्त्री स्नान करून, उपाशीपोटी चुलीपुढे बसते आणि नैवेद्य सिद्ध होईपर्यंत बोलत नाही. हवे-नको ते खुणेने सांगायचे. मीठ पुढे करायचे तर बोट दाखवायचे. एरवी ज्या स्वयंपाकघरात जावा-नणंदांच्या गप्पांना खंड नसतो, तेथे फोडणीचा चुरचुर आवाज आणि लाकडाचे तडतडणे एवढेच ऐकू येते. मालवणी घरात सणाच्या नैवेद्याला जे लागते, ते भात, वरण, भाजी आणि वडे यांचे साधे, सात्त्विक जेवण. वड्याचे पीठ म्हणजे तांदळात उडीद, हरभऱ्याची डाळ, धणे आणि मेथी मिसळून दळलेले. थापलेला वडा तेलात टम्म फुगला की घर सणाच्या वासाने भरून जाते. उपाशी स्त्रीने त्या वासातच दिवस काढायचा असतो.

हे मौन कशासाठी, याचे एक व्यावहारिक उत्तर आहे. देवापुढे जाणारे अन्न उष्टावू नये, त्यावर तोंडातला शिंतोडाही पडू नये, ही सोवळ्यातील स्वयंपाकाची जुनी दक्षता. नैवेद्य चाखून पाहायचा नसतो, या नियमाशी ती सुसंगतच आहे. परंतु केवळ स्वच्छतेचा प्रश्न असता तर तोंडाला पदर बांधूनही भागले असते. उपवास आणि मौन एकत्र आले की त्याला व्रताचे रूप येते. खाणे आणि बोलणे हे जिभेचे दोन्ही व्यवहार त्या दिवसापुरते बंद ठेवले जातात. न चाखता मिठाचा अंदाज धरायचा, न विचारता भाताचे पाणी ठरवायचे, म्हणजे सारे लक्ष हातांवर आणि डोळ्यांवर एकवटावे लागते. मंदिरात शब्दांनी गाऱ्हाणे मांडले जाते. घरातील गाऱ्हाणे बहुधा या शिजणाऱ्या अन्नातच असते.

ताटे लागतात तेव्हा

रात्री मंदिरातील ओट्या भरणे काही काळ थांबविले जाते आणि जत्रेतील सर्वांत महत्त्वाचा विधी सुरू होतो. त्याला ‘ताटे लावणे’ म्हणतात. घरोघरी सिद्ध झालेला नैवेद्य ताटांत वाढून आंगणे कुटुंबातील स्त्रिया ती ताटे डोक्यावर घेतात आणि मंदिराकडे निघतात. कुटुंबातील पुरुष त्यांना गर्दीतून वाट करून देतात. पूर्वी कोकणात अंधाऱ्या पाणंदीतून जाताना चुडीचा उजेड सोबतीला असे. आज सारा परिसर विजेच्या रोषणाईने झळाळत असतो, ध्वनिक्षेपक वाजत असतात, पाळणे फिरत असतात. पण ताटे येत आहेत म्हटल्यावर गर्दी आपोआप दुभंगते.

हा क्षण नीट पाहण्यासारखा आहे. दिवसभर लोक देवीकडे काही मागण्यासाठी आलेले असतात. ताटे घेऊन येणाऱ्या स्त्रिया मात्र तिला जेवू घालण्यासाठी आलेल्या असतात. देवी या घरांची माहेरवाशीण असो की कुलस्वामिनी, तिच्याशी त्यांचे नाते पंक्तीचे आहे. घरात शिजले ते आधी तिला आणि मग सर्वांना. नैवेद्य दाखवून झाला की तेच अन्न प्रसाद होते.

त्यानंतर वाडीतील घरांचे उंबरठे सर्वांना मोकळे होतात. ओळख नसली, नाते नसले, तरी जत्रेला आलेला माणूस आंगणेवाडीतील घरात प्रसादाला बसू शकतो. त्याची जातपात, गाव, पक्ष विचारला जात नाही. माघातल्या रात्री पडवीत मांडलेल्या पंगतीत, वाफाळत्या भाताच्या पानावर बसलेल्या परक्या माणसाला जी ऊब मिळते, तिच्या ओढीने पुष्कळ लोक पुढल्या वर्षी परत येतात. दुसऱ्या दिवशी मोडयात्रा होऊन दीड दिवसाची जत्रा संपते. निघताना घरोघर नेला जातो तो मालवणी खाजा, बेसनाच्या कांड्यांवर गूळ आणि आल्याचा लेप चढवलेला. थंडीच्या दिवसांत आले-गूळ का, हे वेगळे सांगायला नको.

थंडी, अन्न आणि आनंद

हिवाळ्यात घरच्या चुलीशी देवाला आणि माणसांना बोलावण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा जातो. सूर्य धनु राशीत असतो तो, साधारणपणे १६ डिसेंबर ते १३ जानेवारी हा काळ धुंधुरमासाचा. त्यात उजाडता उजाडता मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी यांचा नैवेद्य दाखवून घरातील सर्वांनी भल्या पहाटे जेवायचे असते. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी, तर संक्रांतीला तिळगूळ. तिळात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते, म्हणजे हा गोडवा शरीराला इंधनही पुरवतो. घाटावर बाजरी आणि तीळ जे काम करतात, ते कोकणात उकडा भात, खोबरे आणि कुळीथ करतात.

या सर्व चालींत एक समान सूत्र आहे. दिवस लहान, रात्री मोठ्या आणि गारठा दाराशी, अशा वेळी माणूस अंगाचे मुटकुळे करून एकटा बसतो. विधी त्याला उठवतो, चूल पेटवायला लावतो आणि एकट्यासाठी नव्हे तर दहा जणांसाठी शिजवायला लावतो.

आंगणेवाडीशी तुलना करण्याजोगा एक विधी केरळात आहे. तिरुवनंतपुरमच्या आट्टुकाल भगवतीसाठी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लक्षावधी स्त्रिया शहराच्या रस्त्यांवर चुली मांडून तांदूळ, गूळ आणि नारळ घालून ‘पोंगाला’ रांधतात. २००९ साली सुमारे २५ लाख स्त्रियांच्या सहभागाची नोंद गिनेसने घेतली. तेथे चूल घराबाहेर रस्त्यावर येते. आंगणेवाडीत चूल घरातच राहते, ताट तेवढे बाहेर निघते. म्हणूनच आंगणेवाडीच्या लाखोंत शिजवणारे हात मोजकेच असतात.

गर्दी नसलेले वर्ष

जत्रेचा गाभा कोणता, या प्रश्नाचे उत्तर २०२१ साली अनायासे मिळाले. करोनाच्या साथीमुळे ६ मार्चची जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरती मर्यादित ठेवण्यात आली. बाहेरच्या भाविकांना येऊ नये, अशी विनंती करण्यात आली. दुकानांच्या ओळी नाहीत, विशेष गाड्या नाहीत, सभा-समारंभ नाहीत. जत्रेला प्रसिद्धी देणारे जे जे काही आहे, ते सारे वजा झाले. तरीही जत्रा रद्द झाली नाही, कारण ती साजरी करण्यासाठी जे आवश्यक होते ते वाडीतच होते. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला आट्टुकालचा पोंगालाही स्त्रियांनी आपापल्या घरी केला. रस्त्यावर आलेली चूल घरी परतली. पंढरपूरपासून तिरुवनंतपुरमपर्यंत साथीने अनेक उत्सवांची परीक्षा पाहिली. ज्यांचे मूळ घरात होते, त्यांना ती परीक्षा तुलनेने सोपी गेली.

२०२२ मध्ये जत्रा पुन्हा सर्वांसाठी खुली झाली आणि गर्दी परतली. गर्दीचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. तिच्यामुळे रस्ते झाले, चार पैसे गावात आले आणि वर्षातून एकदा वाडी साऱ्या राज्याच्या नजरेत येते. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. उंबरठा सर्वांना मोकळा ठेवण्याची रीत आसपासच्या गावांतील पाहुण्यांच्या काळात पडली. पाहुणे लाखांत येऊ लागल्यावर ती निभावणे सोपे नाही. तरी ती निभावली जाते, हे या कुटुंबांचे मोठेपण.

आनंदाचा भार कोणावर?

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडायला हवी. या विधीतील उपवास आणि मौन स्त्रियांच्या वाट्याला आहे आणि स्वयंपाकाचे कष्टही त्यांच्याच. सर्वांच्या आनंदासाठी एकीने उपाशी राहून न बोलता राबावे, यात सौंदर्य शोधणाऱ्या लेखणीने कष्टांकडे डोळेझाक करू नये. शहरात नोकरी करणारी, एका दिवसाची रजा काढून रात्रभर प्रवास करून आलेली सून हे व्रत पाळते तेव्हा तिला ते सहज झेपते, असे गृहीत धरणे अन्यायाचे ठरेल.

त्याचबरोबर हेही खरे की, या विधीत स्त्रीची जागा दुय्यम नाही. ताट तिच्या डोक्यावर असते आणि वाट करून देण्याचे काम पुरुषांचे असते. तिच्या ताटाविना जत्रा पूर्ण होत नाही. पुढच्या पिढीत हे व्रत टिकायचे असेल, तर पाणी भरणे, लाकडे फोडणे, वाढणे, भांडी घासणे यांत घरातील पुरुषांचा वाटा वाढला पाहिजे. मौन पाळणाऱ्या स्त्रीला हाताखाली बोलावता येत नाही, तेव्हा मदतीला आपणहून पुढे होणे एवढे तरी इतरांना जमावे.

वाचकांपैकी जे जत्रेला जाणार असतील, त्यांनी मंदिरातील रांगेइतकेच वाडीतील घरांकडेही लक्ष द्यावे. चुलीपुढे बसलेल्या स्त्रीला हाक मारू नये, तिच्यापुढे भ्रमणध्वनीचा कॅमेरा धरू नये. ताटे निघाली की बाजूला व्हावे. प्रसादाला कोणी बोलावले तर संकोच न करता पानावर बसावे आणि पानात काही टाकू नये. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनीही थंडीतल्या एखाद्या संध्याकाळी दूरचित्रवाणी बंद ठेवून, फारसे न बोलता चार पदार्थ रांधावेत आणि शेजारच्या कोणाला तरी जेवायला बोलवावे. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा असतील, नाहीतर गावी जायला रजा न मिळालेला एखादा चाकरमानी असेल.